परसातल्या फळझाडांवरची कीड : कोणती, कधी येते आणि घरच्या घरी काय करायचं

बागायतदाराकडं दोनशे झाडं असतात, ब्लोअर असतो, फवारणीचं वेळापत्रक असतं आणि दोन झाडं वाळली तरी हिशेब फारसा हलत नाही. आपल्या परसात मात्र एक आंबा, एक लिंबू, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला पेरू आणि कुंपणाला दोन-चार सीताफळं एवढीच इस्टेट असते. त्यातलं एक झाड गेलं की घरात सगळ्यांना कळतं. त्याच झाडाखाली बाज टाकलेली असते, माठ ठेवलेला असतो, कोंबड्या उकरत असतात आणि लेकरं खाली पडलेलं फळ उचलून चड्डीला पुसून खातात. म्हणून शेतातल्या झाडाचा इलाज जसाच्या तसा परसात चालत नाही.

बीड जिल्ह्याच्या धारूर, अंबाजोगाई, पाटोदा, आष्टी या डोंगरपट्ट्यात तर परसातलं सीताफळ नुसतं हौसेचं नसतं. दसरा-दिवाळीला दोन पाट्या रस्त्याच्या कडेला विकल्या की घरातल्या बाईच्या हातात चार पैसे येतात. बीडच्या सीताफळाला आणि मराठवाड्याच्या केशर आंब्याला भौगोलिक मानांकन आहे. पण फळात अळी निघाली की मानांकन कुणी बघत नाही, गिऱ्हाईक पुढच्या पाटीकडं जातं.

कीड दिसली की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "कोणतं औषध मारू?" आणि घरात उत्तर तयारच असतं, कपाशीचं उरलेलं. अर्धी बाटली गोठ्यात ठेवलेली असते, तीच पंपात जाते. त्याऐवजी आधी एवढं बघावं : कीड नेमकी कुठं आहे? फळात, पानावर, खोडात की मुळात? जागा कळली की निम्मं काम होतं, कारण परसातल्या बहुतेक किडींना औषधाची बाटली लागतच नाही.

फळमाशी

सगळ्यात जास्त नुकसान हिचं. पेरू कापला आणि आत पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसल्या तर ती फळमाशी. लोक म्हणतात, "पावसानं फळ किडलं." पावसानं नाही, माशीनं. घरमाशीएवढीच, पिवळसर-तपकिरी, कमरेत बारीक अशी ही माशी फळ पिकायला लागलं की त्यावर बसते आणि शेपटाकडच्या सुईसारख्या अवयवानं सालीखाली अंडी घालते. वरून टाचणी टोचल्यागत ठिपका दिसतो, तेवढाच. दोन-तीन दिवसांत अळ्या निघतात, गर खातात, आत कुजतं आणि फळ गळतं. मग अळी फळातून बाहेर येऊन जमिनीत शिरते, बोट-दोन बोटं खोल मातीत कोष करते आणि साधारण आठ-दहा दिवसांत नवी माशी वर येते. एक मादी आयुष्यात शेकडो अंडी घालते. आता गुणाकार तुम्हीच करा.

हा फेरा तोडायची जागा म्हणजे खाली पडलेलं फळ. रोज सकाळी झाडलोट करताना गळालेली फळं गोळा करायची. उकिरड्यावर टाकायची नाहीत, कारण उकिरड्यात अळीला उलट मऊ जागा मिळते. दोन फूट खोल खड्डा करून त्यात टाका आणि वर माती दाबा. नाहीतर जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरून तोंड घट्ट बांधा आणि चार-पाच दिवस कडक उन्हात ठेवा, अळ्या आतच शिजतात. शेळीला घालायची असतील तर पडल्या पडल्या त्याच दिवशी घाला. झाडाखालची माती आठवड्याला खुरप्यानं वरवर हलवली की कोष उघडे पडतात, पुढचं काम कोंबड्या करतात. कोंबड्या असलेल्या घरानं हे काम फुकटात होतंय असं समजावं.

दुसरा उपाय सापळा. मिथाईल युजेनॉलचा वास नर माशीला ओढतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा याच तत्त्वावरचा. कृषी सेवा केंद्रात सापळा आणि आतली गोळी मिळते. परसाला एक-दोन पुरतात. जमिनीपासून चार-पाच फुटांवर, सावलीच्या फांदीला टांगायचा, फळ पिकायच्या महिनाभर आधी. महिना-दीड महिन्यानं गोळी बदलायची. घेताना एक बघा, दुकानात क्यू-ल्यूर नावाचीही गोळी असते. ती काकडी, दोडका, कारल्याच्या माशीसाठी आहे. आंबा-पेरूला ती लावली तर सापळा रिकामा राहतो आणि माणूस म्हणतो, हे सापळे-बिपळे सगळं खोटं.

सापळा भरला म्हणजे काम झालं असंही नाही. त्यात फक्त नर सापडतात. मादी शेजारच्या गल्लीतून फळून येते आणि तुमच्या पेरूला टोचते. म्हणून हा इलाज एकट्या घराचा नाही. आळीतल्या सात-आठ घरांनी मिळून सापळे लावले आणि पडलेली फळं पुरली तर फरक पडतो. नाहीतर एकाच्या परसात स्वच्छता आणि भिंतीपलीकडं सडलेल्या पेरूंचा सडा, अशानं काही हाती लागत नाही. ज्यांना सापळा आणायचा नाही त्यांच्यासाठी घरातलाच उपाय : तुळशीच्या पानांतही मिथाईल युजेनॉल असतं. मूठभर पानं चुरगळून वाटीत ठेवली की नर माश्या येऊन बसतात. वास लवकर उडतो, त्यामुळं पानं रोज बदलावी लागतात. पण माशी आली आहे का नाही, हे ओळखायला ही चांगली युक्ती.

तिसरा आणि माझ्या मते परसासाठी सगळ्यात पक्का उपाय म्हणजे फळाला पिशवी. परसात फळं मोजकी असतात, हात पोचतो. पेरू लिंबाएवढा झाला, आंबा कोंबडीच्या अंड्याएवढा झाला की कागदाची पिशवी चढवून देठाशी दोऱ्यानं बांधायची. वर्तमानपत्राची दुहेरी पिशवीही चालते, पाऊस लागला की बदलायची. पोरांना सुट्टीत हे काम लावून द्यावं. उंच रायवळ आंब्याला हे जमणार नाही, तिथं खालची झाडलोट आणि सापळा.

पेरूचं एक वेगळं आहे. पावसाळ्यात येणारा पेरू पांचट असतो आणि त्यालाच माशी जास्त लागते. थंडीतला पेरू गोड आणि बराचसा स्वच्छ निघतो. बागायतदार उन्हाळ्यात पाणी तोडून पावसाळी फळ येऊ देत नाहीत, मृगाचा बहार धरतात. परसातल्या पेरूला मात्र बारा महिने न्हाणीचं पाणी असतं. तो कधी विश्रांती घेत नाही, वर्षभर थोडं थोडं फळ देतो आणि वर्षभर माशी पाळतो. एप्रिल-मेमध्ये न्हाणीच्या पाण्याची सारणी दुसऱ्या झाडाकडं वळवा. पानं थोडी गळतील, घाबरायचं नाही. पावसाळ्यात आलेली फुलं थंडीत फळ देतील.

पिठ्या ढेकूण आणि त्याचे राखणदार

सीताफळाच्या देठाशी, डोळ्यांच्या खाचांत, पेरूच्या पानामागं पीठ भुरभुरल्यासारखं पांढरं दिसतं तो पिठ्या ढेकूण. सोंड खुपसून रस पितो आणि मागून गोड चिकट पाणी सोडतो. त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते आणि पानं काजळी धरल्यागत होतात. बरेचजण ही काजळी बघून करपा समजतात आणि बुरशीनाशक आणतात. बोट ओलं करून पान पुसून बघा. काळं निघून खाली हिरवं पान दिसलं तर तो रोग नाही, वर कुठंतरी चिकटा टाकणारी कीड आहे. तिचा बंदोबस्त केला की काजळी वाढायची थांबते. मैद्याची पातळ खळ शिजवून, गार करून, पाणी घालून पानांवर मारली तर उन्हात तिचे पापुद्रे सुटतात आणि काजळी सोबत घेऊन पडते.

पिठ्याचं खरं बळ मुंग्यांत आहे. गोड पाण्यासाठी मुंग्या त्याला गाई-म्हशीसारखं पाळतात. त्याला खाणारे किडे आले तर हुसकावतात, पिल्लं एका फांदीवरून दुसरीकडं नेऊन ठेवतात. झाडावर मुंग्यांची रांग चढताना दिसली की वर ढेकूण असणार हे धरूनच चालावं. म्हणून आधी रांग तोडायची. जमिनीपासून फूट-दीड फुटावर खोडाभोवती वीतभर रुंदीचा जाड प्लास्टिकचा पट्टा गुंडाळा, वर-खाली सुतळीनं आवळा, सालीच्या खाचांत ओली माती भरून फटी बुजवा आणि पट्ट्यावर ग्रीस फासा. ग्रीस थेट सालीला लावायचं नाही, साल खराब होते. मातीतून चढणारी ढेकणाची पिल्लंही याच पट्ट्यावर अडकतात. ग्रीसवर धूळ बसली की पुन्हा फासावं लागतं.

एवढं करूनही मुंग्या वर दिसल्या तर पूल शोधा. फांदी भिंतीला टेकलेली असते, पत्र्याला लागलेली असते, नाहीतर धुण्याची तार झाडाला बांधलेली असते. मुंगीला तेवढा रस्ता पुरतो. तार सोडा, फांदी छाटा.

झाडावर असलेल्या ढेकणाला पाण्याच्या जोरदार धारेनं पाडायचं. मोटारीच्या पाइपला बोट लावून धार मारली तरी बरंच काम होतं. फार लदबदलेली फांदी कापून थेट साबणाच्या पाण्यात बुडवायची, अंगणातून ओढत न्यायची नाही. उरलेल्यांवर साबणाचं पाणी. मेणचट पीठ असल्यामुळं नुसतं पाणी किंवा औषध अंगावर टिकत नाही, ओघळून जातं. साबणानं ते फुटतं. पावसाळी दमट हवा असेल तर व्हर्टिसिलियम लेकॅनी ही किडीला मारणारी बुरशी 10 लिटर पाण्यात 40 ग्रॅम, सोबत 50 मिली दूध घालून संध्याकाळी मारायची. कोरड्या उन्हाळ्यात हिच्यावर पैसे घालवू नका, बुरशीला ओल लागते.

आता महत्त्वाचं. ढेकणाच्या गर्दीत कधी कधी एक मोठा, लांब पांढऱ्या झालरीचा, भराभर चालणारा 'ढेकूण' दिसतो. तो ढेकूण नाही. क्रिप्टोलिमस नावाच्या भुंग्याची ती अळी, आणि ती ढेकूण खाते. ढेकूण बहुधा जागेवर चिकटलेला असतो, ही अळी चालत असते, एवढ्यावरून ओळखायचं. ऑस्ट्रेलियातला हा भुंगा 1898 मध्ये भारतात आणला गेला. मोठा भुंगा काळपट, तांबूस डोक्याचा, मसुरीपेक्षा थोडा मोठा. लोक पिठ्या समजून याच अळीला आधी चिरडतात, कारण ती मोठी दिसते. आणि झाडावर जहाल औषध मारलं की सगळ्यात आधी हीच मरते. ढेकूण पिठाखाली तग धरतो आणि पंधरा दिवसांत दुप्पट होऊन येतो.

सीताफळाची फळं झाडावरच काळी, दगडासारखी टणक होऊन लटकतात तो मात्र बुरशीचा रोग आहे. ती फळं काढून जाळून टाकायची. पुढच्या पावसात रोग तिथूनच पसरतो. सीताफळाच्या पाला-बियांत कीडनाशक गुण आहे, शेळीसुद्धा त्या पाल्याला तोंड लावत नाही, तरी त्याच झाडाला ढेकूण लागतो ही गंमतच. बियांची पूड उवांसाठी डोक्याला लावायची जुनी पद्धत काही घरांत अजून आहे. ती करू नका, पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते.

खोडकिडा, म्हणजे भिरूड

बाकी किडी फळ खातात, ही झाडच नेते. आंब्याच्या बुंध्याशी लाकडाचा भुसा पडलेला दिसला, खोडातून डिंकासारखा चीक आला, एक फांदी बाकीच्यांच्या आधी पिवळी पडली तर खोडात अळी आहे. करड्या रंगाचा, लांब मिशांचा, बोटाएवढा भुंगा पावसाळ्याच्या तोंडाला सालीच्या भेगांत अंडी घालतो. अळी आत शिरून महिनोन्‌महिने लाकूड पोखरते. आंब्याशिवाय अंजीर, फणस यांनाही हा लागतो. वीस-पंचवीस वर्षांचं झाड बाहेरून हिरवंगार दिसतं आणि एका वादळात बुडातून मोडून पत्र्यावर येतं. घराला लागून जुना आंबा असेल तर वर्षातून दोनदा त्याच्या बुंध्याची पाहणी करायलाच पाहिजे.

उपाय हातानं करायचा. छिद्राच्या तोंडचा भुसा साफ करायचा. टोक वाकवलेली मजबूत तार आत घालून फिरवायची आणि अळी ओढून काढायची नाहीतर आतच चिरडायची. तार बाहेर येताना ओली, पिवळसर झाली तर अळी लागली असं समजा. मग कापसाचा बोळा रॉकेल किंवा पेट्रोलमध्ये भिजवून आत दाबायचा आणि शेण-मातीनं तोंड लिंपायचं. पेट्रोल वापरताना जवळपास चूल किंवा बिडी नको, हे सांगायला नको पण सांगतो. आठ दिवसांनी पुन्हा बघायचं. ताजा भुसा पडला असेल तर आत अजून एक आहे.

जुन्या पुस्तकांत आणि काही दुकानदारांच्या तोंडी अजून डायक्लोरव्हॉस टोचायची शिफारस असते. त्या औषधावर देशात 31 डिसेंबर 2020 पासून पूर्ण बंदी आहे. दुसरा धोकादायक सल्ला धान्यात ठेवायच्या गोळीचा, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइडचा. ती गोळी ओल लागली की विषारी वायू सोडते आणि त्या विषावर उतारा नाही. घराच्या भिंतीला लागून असलेल्या झाडात ती गोळी घालणं म्हणजे झाडासाठी माणसं पणाला लावणं. आणि अशी गोळी घरात आली की ती नुसती किडीपुरती राहत नाही, हे आपल्या भागात वेगळं सांगायची गरज नाही.

दरवर्षी पावसाआधी, मेच्या शेवटी, खोडाला बोर्डो पेस्ट लावून ठेवली तर भुंग्याला अंडी घालायला साल सोयीची राहत नाही आणि डिंक्या रोगालाही आळा बसतो. दोन-तीन झाडांना पुरेल एवढी पेस्ट अशी करायची : 100 ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवायचं. 100 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या भांड्यात अर्धा लिटर पाण्यात विरवायचा. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची, लोखंडाची नकोत. मग मोरचुदाचं पाणी चुन्यात हळूहळू ओतत ढवळायचं. स्वच्छ खिळा त्यात मिनिटभर बुडवून बघा. तांबूस लेप चढला तर चुना कमी पडला, अजून थोडा घाला. बुंध्यापासून दोन-तीन फुटांपर्यंत ब्रशनं फासायची, त्याच दिवशी संपवायची. शेळ्या-मेंढ्या दोन दिवस झाडापासून लांब बांधा, मोरचूद पोटात गेलेलं त्यांना झेपत नाही.

जुन्या पेरूला, बोरीला, जांभळाला खोडकिड्याचा एक भाऊबंद लागतो, साल खाणारी अळी. फांदीच्या बेचक्यात छिद्र आणि त्यातून सालीवर भुश्याची जाळी, जुन्या गोणपाटाच्या चिंधीसारखी. अळी दिवसा छिद्रात झोपते आणि रात्री जाळीखालून साल खात फिरते. जाळी खरडून काढा, तार घाला, बोळा आणि माती. तोच इलाज.

मोहोरावरचे तुडतुडे

आंबा मोहोरला आणि झाडाखालून जाताना अंगावर बारीक किडे उडायला लागले, पानं तेलकट चिकट झाली तर तुडतुडे आले. पाचरीच्या आकाराचे, तिरपे उड्या मारणारे. मोहोराचा रस पितात आणि मोहोर गळतो. परसातल्या उंच झाडावर पंप पोचत नाही, आणि पूर्ण फुललेल्या मोहोरावर औषध मारलं तर मधमाश्या आणि परागीभवन करणाऱ्या माश्याच मरतात, मग फळ धरणार कोण? त्यामुळं तुडतुड्यांचं काम पावसाळा संपल्यावरच करायचं. आतल्या दाट, वाळक्या, एकमेकांत अडकलेल्या फांद्या काढून झाडाच्या पोटात ऊन-वारा जाऊ द्यायचा, कारण तुडतुडे सावलीत, गचपणात लपतात. मोहोर फुलायच्या आधी हात पोचेल तिथवर निंबोळी अर्क.

लिंबू आणि कढीपत्ता

लिंबाच्या पानावर पाखरानं शिटल्यासारखं काळं-पांढरं दिसलं तर नीट बघा, ती अळीच असते. मोठी झाली की हिरवी होते. काडी लावली की डोक्याकडून तांबड्या रंगाचं दुहेरी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. पोरं घाबरतात, पण ती डसत नाही. लिंबावर घिरट्या घालणाऱ्या पिवळ्या-काळ्या फुलपाखराची ही पिल्लं. कढीपत्ता आणि बेलावरही सापडतात. लहान रोपाचा चार दिवसांत खराटा करतात. सकाळी हातानं वेचायची, एवढाच इलाज. मोठ्या झाडावर चार-पाच दिसल्या तर सोडून द्यावं, बुलबुल आणि साळुंक्या त्यांच्यावरच पोट भरतात. कढीपत्त्यावर तर औषध मारायचंच नाही. पान तोडून सरळ फोडणीत जातं.

कोवळ्या पानावर चांदीसारख्या नागमोडी रेषा म्हणजे नागअळी. पान आक्रसतं. मोठ्या झाडाचं त्यानं विशेष बिघडत नाही, पण तिनं केलेल्या जखमांतून खैऱ्या रोग शिरतो. खैऱ्याचे खडबडीत डाग फांद्यांवर असतील तर त्या फांद्या पावसाळ्याआधी कापून जाळाव्यात.

सफरचंद लावलेल्यांसाठी

अलीकडं आपल्याकडंही हौसेनं सफरचंदाची रोपं परसात लागली आहेत. बहुतेक एचआरएमएन-99 या जातीची. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातले शेतकरी हरिमन शर्मा यांनी उष्ण भागात येणारी ही जात तयार केली, त्यांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. रोप लावलं की लोक मोबाईलवर सफरचंदाच्या किडीचे व्हिडिओ बघतात आणि कॉडलिंग मॉथच्या सापळ्याची चौकशी करतात. ती परदेशातली मोठी डोकेदुखी आहे, आपल्या देशात ती लडाखपुरती आहे. आपल्याकडं त्या सापळ्याला पैसे घालू नका. इथं सफरचंदाला त्रास देणारे आपले ओळखीचेच : मुळाशी हुमणी आणि वाळवी, फांदीला पिठ्या ढेकूण, उन्हाळ्यात पिकणाऱ्या फळाला फळमाशी आणि पोपट.

रोप घेताना फांदीच्या बेचक्यात, मुळाशी पांढरा कापूस दिसतो का ते बघा. चिरडल्यावर लाल डाग पडला तर तो सफरचंदाचा लोकरी मावा. असं रोप घरी आणूच नका. ऊसवाल्यांना लोकरी मावा हा शब्द 2002 च्या साथीपासून माहीत आहे, पण ती कीड वेगळी, उसावरून सफरचंदावर येत नाही.

हुमणीसाठी रोपाला कच्चं शेणखत घालायचं नाही, पूर्ण कुजलेलं घालायचं. पहिल्या वळवाच्या पावसानंतर अंधार पडला की हुमणीचे भुंगे कडुनिंबावर, बाभळीवर जमतात. फांद्या हलवून खाली पाडायचे आणि रॉकेल टाकलेल्या पाण्यात बुडवायचे. हे मे-जूनच्या आठ-दहा रात्रींचं काम आहे. एकदा भुंग्यानं जमिनीत अंडी घातली की पुढं ऑगस्टात रोप सुकल्यावरच कळतं, आणि धरून ओढलं तर मुळासकट हातात येतं.

फवारायचंच झालं तर

आधी निंबोळी अर्क. अर्धा किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटायच्या, फडक्यात बांधून दोन-तीन लिटर पाण्यात रात्रभर ठेवायच्या. सकाळी पुरचुंडी पिळून पिळून दुधाळ पाणी काढायचं, गाळायचं, एकूण 10 लिटर करायचं आणि त्यात 20 ग्रॅम साबण विरघळवून घालायचा. त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर मारायचा. पानाच्या मागच्या बाजूला जास्त. यानं कीड लगेच मरून पडत नाही. ती खायचं सोडते, तिची कात नीट पडत नाही, अंडी घालायला बिचकते. म्हणून आठ-दहा दिवसांनी पुन्हा. निंबोळ्या जून-जुलैत झाडाखाली फुकट पडतात. गर काढून सावलीत वाळवा आणि गोणपाटात ठेवा, प्लास्टिकमध्ये बुरशी धरतात. दशपर्णी करणारेही पुष्कळ आहेत, पण दोन झाडांसाठी दहा पाले गोळा करून महिनाभर ड्रम ढवळत बसायच्या भानगडीत मी पडत नाही.

रासायनिक औषध हा परसात शेवटचा मार्ग. बाटलीवरचा त्रिकोण बघा : लाल अति विषारी, मग पिवळा, मग निळा, हिरवा त्यात सौम्य. लाल आणि पिवळ्या त्रिकोणाचं औषध घराच्या अंगणात उघडूच नये. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला 2005 पासून बंदी आहे, तरी घरासमोरच्या शेवग्यावर, लिंबावर ते मारणारे आहेत. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसेक शेतकरी-शेतमजूर गेले. ते उघड्या शेतात फवारत होते. परसात तर चारी बाजूंनी भिंती असतात, वारा कोंडतो आणि झाड डोक्यावर असतं. वर तोंड करून फवारलं की औषध फवारणाऱ्याच्याच तोंडावर उतरतं.

फवारायच्या आधी माठ, रांजण, हौद झाका, वाळत घातलेलं धान्य आणि कपडे आत घ्या, कोंबड्या कोंडा, शेजारच्यांना सांगा. पिकलेली फळं आधी तोडून घ्या. बाटलीवर काढणीपूर्वीचे दिवस लिहिलेले असतात, तेवढे दिवस झाडाचं फळ बंद. लेकरांना हे समजत नाही, म्हणून खालच्या फांद्यांना लाल चिंधी बांधून ठेवायची. उरलेलं औषध शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवायची सवय जिथं आहे तिथं ती आजच मोडा. आणि पंप. ज्या पंपानं तणनाशक मारलं तोच पंप झाडाला लावू नका. नुसत्या पाण्यानं धुतलेल्या पंपात 2,4-डी चा अंश राहतो आणि पानं गोळा होऊन झाड आजारी पडतं. मग ती कीड समजून आणखी एक फवारणी होते.

फवारल्यावर कुणाला मळमळ, डोकेदुखी, तोंडाला लाळ, दरदरून घाम, डोळ्यांना अंधुक दिसायला लागलं तर ताक-लिंबू पाजत बसू नका. अंगावरचे कपडे काढून साबणानं अंग धुवा, 108 ला फोन करा आणि औषधाची बाटली सोबत न्या. डॉक्टरला उपचार बाटलीवरच्या नावावरून ठरवायचा असतो.

कीड ओळखू येत नसेल तर नुसतं तोंडी वर्णन सांगून औषध आणू नका. कीड लागलेली फांदी पिशवीत, अळी झाकणाच्या डबीत घालून न्या. झाडाचा पूर्ण फोटो, बुंध्याचा फोटो आणि कीड जवळून, असे तीन फोटो मोबाईलमध्ये असू द्या. आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाई आणि गेवराई तालुक्यातल्या खामगावला कृषी विज्ञान केंद्र आहे. सीताफळासाठी अंबाजोगाईलाच सीताफळ संशोधन केंद्र आहे. जायला जमत नसेल तर किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा नंबर फुकट आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं. फोन करताना झाडाचं वय, पाणी कुठलं मिळतं आणि गेल्या महिन्यात त्यावर काय मारलं, या तीन गोष्टी आधी सांगा.